धनेशच्या बाल्कनीतली जहाल मिरची

…आणि वर म्हणतो काय, तर 'हात लावायचा नाही!' अहो, हात लावायचा नाही? मिरचीचं रोप आहे ते, ट्रान्सफॉर्मर आहे का? पण नाही! बाल्कनीच्या दारावर कागद चिकटवलेला, त्यावर लाल अक्षरांत 'धोका', खाली कवटी, कवटीखाली दोन हाडं… आणि त्या कागदाच्या पलीकडे काय, तर चार-पाच कुंड्या. आणि अलीकडे कोण, तर या माणसाची सख्खी आई, ओल्या चादरींची बादली घेऊन उभी, की बाबा रे, वाळत कुठं घालू? तर म्हणतो, 'आई, आधी गॉगल लाव.' चादर वाळत घालायला गॉगल! तुम्हाला सांगतो, मिरची ही काय वस्तू आहे? भाजीवाला फुकट देतो हो! कोथिंबीर घेतली की वरून मूठभर टाकतो, फुकट! आणि टाकली नाही तर आपण पिशवीचं तोंड उघडं धरून तिथंच उभे राहतो, 'मिरच्या टाका की हो चार.' टाकतो बिचारा.

हा माणूस म्हणजे धनेश. मूळचे हे लोक लातूरकडचे, आता मोशीला सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर. घरात आई सुमनताई, बायको करिष्मा, आणि हा. नोकरी चाकणला, कंपनीत, क्वालिटीला. कंपनी काय बनवते? गाडीच्या दाराची हँडलं. आणि धनेश काय बनवतो? काहीच नाही! तो ती हँडलं ट्यूबलाइटखाली धरतो, डोळा बारीक करतो, आणि म्हणतो, 'रिजेक्ट.' रंगाचा ठिपका दिसला, रिजेक्ट. ओरखडा दिसला, रिजेक्ट. काहीच दिसलं नाही तर परत एकदा बघतो, कारण काहीच दिसत नाही म्हणजे काय? शर्टाच्या खिशात रिजेक्ट मालाला लावायच्या लाल टॅगांचा गठ्ठा, सदानकदा. अहो, घरी करिष्माने पोळी वाढली तरी आधी उजेडात धरून बघतो, खातो मागाहून! आणि त्याचं म्हणणं काय, तर क्वालिटीच्या माणसाकडे दुसरं काय असतं, त्याचा शब्द! तो 'नाही' म्हणाला की नाही. एकदा त्या शब्दावर लोक हसायला लागले की मग टॅग लावा नाही तर तोरण लावा, कोण विचारतो? आता हे म्हणणं बरोबर आहे बरं का, त्यात काही चूक नाही. बरोबर होतं म्हणूनच तर पुढे माती झाली ना!

तर या शहाण्याने मोबाइलवर काय बघितलं, तर एक दाढीवाला परदेशी माणूस मिरची खातो आणि रडतो. बस्स. एवढंच. मिरची खातो, रडतो, लोळतो, दूध पितो, पुन्हा रडतो. आपण काय म्हणू? 'कर्म आपलं' म्हणू आणि पुढचं बघू. हा काय म्हणाला? 'ही मिरची आपल्या बाल्कनीत पाहिजे!' का? कशासाठी? कुणी मागितली? लगेच ऑनलाइन बी मागवलं. पाकिटावर काय लिहिलेलं, तर 'जगातली सर्वांत जहाल मिरची, स्वतःच्या जबाबदारीवर पेरावी'. आणि आता गंमत ऐका… धनेशला स्वतःला तिखट चालत नाही! हो! वडापावबरोबरची तळलेली मिरची हा कागदात गुंडाळून बाजूला ठेवतो. मिसळ खायला गेला तर रस्सा वेगळा मागतो, आणि तो वेगळाच राहतो. लातूरकडचा माणूस, काळ्या मसाल्यावर वाढलेला, आणि आमटीत वरून दही घालून खातो! करिष्मा म्हणाली, 'अहो, तुम्हाला शिमला मिरचीचा ठसका लागतो.' तर म्हणतो, 'खाण्याचा प्रश्न नाहीये करिष्मा, स्टँडर्डचा प्रश्न आहे.'

मग सुरू झालं. बाल्कनीतला कपड्यांचा स्टँड हलवला हॉलमध्ये, टीव्हीसमोर. म्हणजे सुमनताई मालिका बघणार त्या टॉवेल आणि परकर यांच्या फटीतून. बाल्कनीत पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या. कंपनीत कसं, ट्रॉली कुठं उभी करायची, ते जमिनीवर पिवळ्या पट्टीने आखलेलं असतं, तसं याने कुंड्यांभोवती आखलं. कुंडी पट्टीबाहेर इतकीशी सरकली तर घरात चौकशी! 'कुंडीला कोणी हात लावला?' अरे वाऱ्याने सरकली असेल! 'वाऱ्याने जड कुंडी सरकते?' मग कबुतर बसलं असेल! 'कबुतराचं वजन किती?' …बोला आता. कबुतराचं वजन विचारतो सकाळी सकाळी, बायको डबा भरत असताना.

आणि पाणी! आमच्या पिंपरी-चिंचवडला पाण्याची काय तऱ्हा आहे तुम्हाला माहीतच आहे. दिवसाआड नळ, एरवी टँकर. माणसं अर्ध्या बादलीत आंघोळ करतात, राव! आणि या मिरच्यांना? फिल्टरचं पाणी. गाळलेलं. कोमट करून गार केलेलं. आईला म्हणतो, 'आई, भांडी जरा कमी पाण्यात होतील का?' सुमनताईंनी हातातली कढई ठेवली आणि त्यांच्या लातुरी बोलीत विचारलं, 'काय करायलास रे धन्या हे? अरे, आमच्या बांदावर मिरची आपल्या आपण यायची की! कुनी पानी बी घालत नव्हतं. लेकराला एवढं जपलं असतं तर कलेक्टर झालं असतं.' लेकरू हाच होता. कळलं नाही त्याला.

मग पानं वाकडी झाली. मिरचीचं काय, जरा बघितलं नाही की पानं चुरगळतात. याने आंबट ताकाची फवारणी केली, म्हणजे घरातली कढी बंद. मग फुलं गळाली. याने मोबाइलवर वाचलं की परागीभवन हाताने करायचं. झालं! बारीक ब्रश आणला, आणि रोज सकाळी कंपनीची बस यायच्या आधी हा बाल्कनीत उकिडवा बसून या फुलाला गुदगुल्या, त्या फुलाला गुदगुल्या… खालच्या मजल्यावरच्या कुसुमताई रोज गॅलरीतून मान वर करून बघायच्या, एक तर कुंडीचं पाणी त्यांच्या पापडांवर ठिबकायचं, त्यात हे. एकदा त्यांनी विचारलंच, 'काय हो, लग्न लावताय का फुलांचं? मग आम्हाला पत्रिका नाही!' हा वरून काय म्हणतो, 'हलवू नका, प्लीज. कंपनं जातात.' अहो कुसुमताईंनी काय हलवलं? मान हलवली. भाजीवाला फुकट देतो हो हीच मिरची, मान न हलवता देतो!

बरं, घरात कर की काय करायचं ते! घरातच ठेव! पण नाही, जगाला सांगायचं. कंपनीची बस नाशिक रस्त्याला लागली की अडकते. अडकते म्हणजे कशी, तर माणूस उतरून चहा पिऊन परत आला तरी बस तिथंच, इंचभर नाही. आता अशा ठिकाणी धनेशला जे श्रोते मिळाले ते कुठल्या पुढाऱ्याला मिळणार नाहीत. पळता येत नाही ना! हा मोबाइलवरचे फोटो दाखवत बसच्या मधल्या जागेत उभा. 'ही कळी. ही काल रात्रीची कळी. ही आज सकाळची.' दोन्ही कळ्या सारख्याच! लोक 'वा वा' म्हणायचे, कारण पुढं ट्रक, मागं ट्रक. आणि हा चढत जायचा. 'राव, ही मिरची नुसती कापली तर बिल्डिंग खोकेल!' 'भावा, हिच्या रसाचा एक थेंब दहा माणसांना पुरेल!' कुणी विचारलं, 'तुम्ही खाल्लीत का साहेब?' तर म्हणतो, 'खाऊन बघायची गोष्टच नाही ती.'

त्या बसमध्ये शेवटच्या सीटवर मालोजी. हा माणूस ओळखून ठेवा. मालोजी म्हणजे प्रोडक्शनचा सुपरवायझर. चाकणजवळच्याच गावचा, घरची शेती. मोशीत बहीण दिलेली, गावाहून पहाटे गाडी मिळत नाही म्हणून सकाळपाळीच्या आठवड्यात तो तिच्याकडेच मुक्कामाला, म्हणून याच बसला. डब्यात भाकरी, आणि भाकरीबरोबर हिरवी मिरची, आपण काकडी खातो तशी कराकर. आता प्रोडक्शन आणि क्वालिटी म्हणजे कसं, हा बनवणार आणि तो नाकारणार, रोज! या धनेशने मालोजीच्या हँडलांना इतकी वर्षं लाल टॅग लावलेत की मालोजीला लाल रंगाचा राग यायला लागला होता. तो इतके दिवस गप्प बसून ऐकत होता. एक दिवस म्हणाला, 'साहेब, आमाला कवा खायला घालताय?'

बस एकदम जागी झाली. धनेश हसला. अगदी कीव केल्यासारखा हसला. म्हणाला, 'मालोजीराव, घरच्यांना विचारून या.'

'घरचे व्हय म्हनत्यात. मी खातो. तुमच्या घरी येऊन, समद्यांच्या म्होरं खातो. पन एक हाय साहेब… ती जर जहाल न्हाई निघाली, तर आमी काय समजायचं? ज्याला सोताच्या बाल्कनीतली मिरची कळत न्हाई, त्यानं आमच्या हँडलाला नावं ठेवायची व्हय?'

आता इथं शहाण्या माणसाने काय करावं? हसून सोडून द्यावं, 'या कधी जेवायला' म्हणावं. पण हा क्वालिटीचा! याने सगळ्यांसमोर छाती पुढे काढून सांगितलं, 'मालोजीराव, जहाल नाही निघाली तर मी तुमच्या मालाला परत कधी टॅग लावणार नाही!' अख्ख्या बसने ऐकलं. ड्रायव्हरने ऐकलं. बाजूच्या कंटेनरवाल्याने ऐकलं असेल. रविवार ठरला, दुपारचं जेवण ठरलं, मालोजीबरोबर लाइनवरचे दोघेतिघे ठरले. कशाच्या जिवावर, तर न चाखलेल्या मिरचीच्या!

हो, न चाखलेल्या! तोवर लाल फळं धरली होती. सुरकुतलेली, वेडीवाकडी, टोकाला शेपूट, दिसायला अगदी पाकिटावरच्यासारखी. काही याने सुपात वाळत घातलेली, सुपाभोवती पुन्हा पिवळी पट्टी. पण दिवसाला हजार हँडलं तपासणाऱ्या या माणसाने एका मिरचीला जीभ लावली नव्हती! जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. काट्यावर तोलली. भिंग लावलं. जीभ? छे! सांगायचा काय, की 'पीस कमी आहेत, तपासणीत वाया घालवता येत नाहीत.' आणि पोटात खरं काय, तर भीती, नुसती भीती! करिष्मा म्हणाली, 'मी चाखते ना टोक.' तर हा तिच्या हातातून मिरची हिसकावून घेतो, हातमोजे घातलेल्या हाताने, आणि तिलाच साबणाने हात धुवायला लावतो.

शनिवारी रात्री याच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. बी खोटं असलं तर? इतके महिने कौतुक केलं, आणि नसली तिखट तर? झोप उडाली. रविवारी सकाळी पोट बिघडलं. बाथरूममधून बाहेर आला की परत आत. तोंड पांढरं, कपाळावर घाम, आणि तिकडे स्वयंपाकघरात मटणाला फोडणी बसलेली. दर थोड्या वेळाने आतून विचारतो, 'मालोजीचा फोन आला का? येत नाही म्हणाला का?' कशाला येत नाही म्हणेल! आयुष्यभराचं रिजेक्शन आज वसूल करायला निघालेला माणूस आहे तो!

सुमनताईंनी लेकाचं तोंड बघितलं आणि निकाल दिला. 'दिष्ट लागली.'

'आई, पोट बिघडलंय.'

'पोट कशानं बिघडलं? दिष्टीनं! रोज फोटू दाखवायलास लोकाला. समद्या गावाचं डोळं त्या झाडावर. बस हितं खाली.'

आता हा धनेश कोण? कंपनीत कुणी मशिनला लिंबू-मिरची बांधली तर कात्रीने कापून त्यावरही लाल टॅग लावणारा! पण पोटात कळ आली की माणसाचं विज्ञान जरा सैल पडतं. बसला मुकाट्याने पाटावर. आईने मूठ आवळून उतरवायला सुरुवात केली, 'आल्याची, गेल्याची, बसमधल्याची, कंपनीतल्याची, खालच्या मजल्यावरनं बघणारीची…' आणि मूठ घेऊन त्या आत गेल्या. तव्यावर टाकायला.

तुम्हाला माहीतच असेल, मीठ-मोहरीबरोबर लाल मिरच्या जाळतात. जळताना सणकून ठसका आला तर समजायचं की दृष्टबिष्ट काही नव्हती. आणि ठसका नाहीच आला, तर होती, आणि जबर होती. पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब आहे हा. धनेश पाटावर डोळे मिटून बसलेला. एक डोळा उघडला. समोर खिडकीत सूप. भोवती पिवळी पट्टी. पट्टीच्या आत… काही नाही!

'आई!!'

'अरे, घरातल्या मिरच्या संपल्या की रे. तुज्याच घेतल्या. म्हनलं जरा जोरात उतरंल.'

तुम्हाला सांगतो, पोटात कळ असलेला माणूस इतक्या जोरात पळताना कुणी बघितला नसेल! आधी जिन्यातला आगीचा अलार्म दाबला. तो काय वाजणार, त्याच्या डबीत वॉचमन चुना ठेवतो. मग हा स्टीलची परात आणि डाव घेऊन जिन्यात, ठण ठण ठण! 'सगळे खाली! ओला रुमाल नाकाला! लिफ्ट वापरू नका!' रविवार दुपार, राव! कुणी अर्ध्या दाढीवर, कुणी केसांना मेंदी लावून, कुणी कुकरसकट खाली! का, तर म्हणे शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. याने सगळ्यांना पार्किंगमध्ये जनरेटरजवळ ओळीत उभं केलं आणि डोकी मोजली. कंपनीत मॉक ड्रिलला मोजतात तशी! स्वतः गॉगल लावून, मास्क लावून, परात छातीशी धरून. 'वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करा!' लोकांनी केलं. वारा कुठून येतोय कुणाला माहीत, ज्याला जिकडे वाटलं तिकडे तोंड केलं. ज्यासाठी ही फौज उभी होती ती वस्तू भाजीवाला फुकट देतो हो, कोपऱ्यावर, हातगाडीवर, आत्ता जा, आत्ता देईल!

आणि नेमका त्याच वेळी गेटमधून मालोजी आत! अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात घरच्या इंद्रायणी तांदळाची पिशवी, मागे लाइनवरचे दोघेतिघे. समोर बघतो तर अख्खी सोसायटी ओळीत. त्याला वाटलं, स्वागताला उभी आहे. बावरला बिचारा.

'मागे व्हा मालोजीराव!' धनेश मास्कमधून ओरडला. 'मिरची जळतेय वर!' आणि काय सांगू, त्या क्षणी त्याच्या छातीत काय भरून आलं! पोटातली कळ गेली. आता खायचीही गरज नाही! अख्खी बिल्डिंग खोकणार, मालोजीच्या डोळ्यादेखत खोकणार, आणि आपला शब्द कायमचा सोन्याचा होणार. सगळे वर बघत उभे. एक मिनिट गेलं. कुणी खोकलं नाही. कुसुमताईंनी रुमाल बाजूला करून हुंगलं. म्हणाल्या, 'कुणाचा तरी भोपळा लागलाय वाटतं खाली.' तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत करिष्मा दिसली, निवांत पोळ्या लाटत होती.

आणि मग बाल्कनीत सुमनताई आल्या. हातात तवा. तोंडावर तेज.

'धन्या! अरे, ठसकाच येईना की रे! एक शिंक बी न्हाई! केवढी लागली होती रे माज्या लेकराला!'

सगळ्यांच्या माना वरून खाली आल्या, धनेशवर. मालोजीची मान सगळ्यात शेवटी आली, सावकाश. आता बघा या माणसाची गत! ठसका नाही, याचे अर्थ दोनच. एक तर मिरची फुसकी. मग बसमध्ये बोललेलं सगळं गेलं, टॅग गेला, इतक्या वर्षांचा शब्द गेला, उद्यापासून कंपनीत बारका हेल्परसुद्धा हसणार. नाही तर मिरची अस्सल, आणि दृष्ट खरी! ज्याने आयुष्यभर लिंबू-मिरच्या कापल्या त्याने भर पार्किंगमध्ये सांगायचं की हो, मला दृष्ट लागली होती. आणि मग तो परातीमागून बोलला, इतक्या बारीक आवाजात की पुढच्या ओळीलाच ऐकू गेलं…

'दृष्टच होती.'

झालं! कुसुमताईंनी पदर खोचला. 'कुणाची? नाव घ्या ना! खालच्या मजल्यावरनं बघणारी कोण ते मला चांगलं ऐकू आलंय!' अर्धी दाढीवाला म्हणाला, आमच्याकडे बघून बोलू नका. कुकरवाली म्हणाली, मी तर तुमच्या झाडाकडे कधी ढुंकूनही बघितलं नाही, काय बघायचंय त्यात! धनेश गॉगलमधून सगळ्यांना हात जोडतोय, आणि मालोजी… मालोजी गालातल्या गालात हसला.

'मग आता उतरली न्हवं दिष्ट?'

'उतरली.'

'म्हंजी मिरची आता पयल्यासारखी जहाल झाली असंल. मग आना की एक, साहेब. त्याच्यासाठीच तर आलोय.'

काय करतो? आणली. झाडावर राहिलेली एक चिमट्यात धरून आणली, ताटलीत ठेवली, आणि ताटली मालोजीपुढे धरली. मालोजीने मिरची उचलली, शर्टाला पुसली, आणि देठापर्यंत तोंडात घातली. कराकर. सगळं पार्किंग श्वास धरून. धनेश त्याच्या जबड्याकडे बघतोय, वर गेला, खाली आला, वर गेला… आणि थांबला. मालोजीने धनेशकडे बघितलं. असं बघितलं, असं बघितलं, की धनेशला सगळं कळलं. दोडका तरी जरा चवीला असतो हो! बी खोटं होतं म्हणा, नाही तर गाळलेलं पाणी पिऊन लाडावली होती म्हणा, त्या मिरचीत तिखट नावाला नव्हतं. धनेशने डोळे मिटले. संपलं.

'खॉक्!'

धनेशने डोळे उघडले. मालोजी वाकला होता. 'खॉक्! खॉक्! आई गं! मेलो! पानी… पानी आना कुनीतरी!' खांबाला धरून उभा राहिला, डोळ्यांना रुमाल लावला, खाली बसला, जनरेटरला टेकला. लाइनवरचे दोघे वारा घालायला लागले. कुकरवाली ताक आणायला पळाली. सोसायटीने टाळ्या वाजवल्या हो, टाळ्या! वरून सुमनताईंनी हात जोडले. आणि धनेशच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं. मिरचीने नाही आलं, माणसाच्या चांगुलपणाने आलं. त्याला वाटलं, इतकी वर्षं ज्याला टॅग लावला तो देवमाणूस निघाला! मालोजीला हाताला धरून वर नेला, स्वतःच्या हाताने मटण वाढलं, नळीचं हाड शोधून ताटात घातलं. करिष्माने कोशिंबीर वाढली, तिच्यात लाल लाल तुकडे. धनेशने विचारलं, 'हे काय?' तर म्हणाली, 'उरलेली मिरची. काकडीबरोबर छान लागते.' ती बाई कधीच जास्त बोलत नाही, हेच वाईट आहे.

आता सुमनताईंचं विचाराल तर त्यांना दुपारची झोप नाही. ज्यांचं कुणाचं लेकरू रडतं, ज्यांची कुणाची गाडी घासली, ते सगळे तिसऱ्या मजल्यावर. 'तुमच्या त्या मिरचीने उतरवा हो.' आणि उतरवलं की ठसका येतो का? कसा येईल! कुणालाच येत नाही! म्हणजे ए विंगपासून बी विंगपर्यंत प्रत्येकाला दृष्ट लागलेली, आणि ती पण जबर! कुसुमताईंना सुद्धा लागलेली निघाली, त्यामुळे त्यांचा राग गेला. भाजीवाला फुकट देतो ती मिरची आता कुणाला नको आहे, तिने म्हणे ठसका येतो.

आणि धनेश? धनेश सोमवारी कंपनीत गेला, अगदी मान ताठ करून. तोवर सगळीकडे पसरलं होतं की मालोजी जनरेटरला टेकला. लोक वाट सोडून उभे राहत होते. शब्द शाबूत! पहिली ट्रॉली आली मालोजीच्या लाइनवरून. धनेशने हँडल उचललं, ट्यूबलाइटखाली धरलं, डोळा बारीक केला. रंगाचा ठिपका. चांगला ठसठशीत, आंधळ्यालाही दिसेल असा. याने खिशात हात घातला, लाल टॅग बाहेर काढला… आणि मशिनच्या पलीकडून हळूच, अगदी अदबीने, आवाज आला.

'खॉक्.'

धनेशने वर बघितलं. मालोजी छातीवर हात ठेवून उभा. चेहरा इतका गरीब की बघवत नाही. 'कालचीच मिरची, साहेब. अजून घशात हाय. कुनी इचारलं की सांगावं लागतं, कशी हुती ती… खॉक्.'

तुम्हाला सांगतो, आज इतके महिने झाले, तो ठसका काही गेलेला नाही. एरवी माणूस ठणठणीत. मिरची-भाकरी खातो, हसतो, गावाकडे नांगर धरतो. पण धनेशचा हात खिशाकडे गेला रे गेला की त्याला तो बरोबर येतो. आणि हा आमचा क्वालिटीवाला, ज्याचा शब्द म्हणजे शब्द, तो काय करतो? टॅग परत खिशात ठेवतो, ठिपक्यावर अंगठा ठेवून हँडल ओकेच्या पेटीत टाकतो, आणि मान खाली घालून विचारतो, 'पाणी देऊ का, मालोजीराव?'